माप कशावरून घेतलं? 1885 चा पोशाख घरी शिवताना : एक प्रकरण अभ्यास

(संबंधित व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं आणि शिवणातल्या अडचणी मात्र जशाच्या तशा आहेत.)

पार्श्वभूमी

एका हौशी नाट्यगटाने 1885 सालच्या लंडनमध्ये घडणारं नाटक बसवायला घेतलं. त्यात एका सधन गृहिणीची भूमिका करणाऱ्या मुलीने आपला पोशाख आपणच शिवायचं अंगावर घेतलं. शिवणाचा अनुभव म्हणावा तर उशांचे अभ्रे, पडदे, एक-दोन साधे झगे आणि नेफ्यात नाडी घातलेला एक स्कर्ट. घरी सरळ आणि नागमोडी टीप मारणारं साधं शिवणयंत्र होतं. हातात चार महिने होते. हौस दांडगी होती आणि वाचनही बरंच केलेलं होतं, फक्त ते सगळं वरच्या झग्यांबद्दलचं होतं.

साल नेमकं ठरलेलं असणं इथे महत्त्वाचं होतं. ‘व्हिक्टोरियन पोशाख’ असं मोघम म्हटलं की 60 वर्षांच्या सगळ्या फॅशनची सरमिसळ होते. मागचा भाग फुगवणारा ‘बसल’ हा सांगाडा साधारण 1869 ते 1876 या काळात एकदा आला. मग तो ओसरला आणि 1877 ते 1882 च्या सुमारास अंगाला चिकटून सरळ खाली उतरणारी आकृती रूढ झाली. 1883 च्या आसपास तो पुन्हा आला आणि दशक संपेपर्यंत टिकला. हा दुसरा बसल जास्त अणकुचीदार होता. कंबरेखाली पाठीमागे जवळजवळ आडवी फळी बसवल्यासारखा दिसायचा. म्हणजे 1885 चा झगा शिवायचा तर त्याच्या आत ही फळी उभी करणारं काहीतरी असणं भाग होतं.

तिने सुरुवात केली ती वरच्या कापडापासून. गडद हिरवं लोकरीचं कापड घेतलं, अंगावरची मापं घेतली, त्यात थोडी ढील धरली आणि अंगरखा (झग्याचा कंबरेवरचा, अंगाला बसणारा भाग) व स्कर्ट दोन्ही कापून टाकले. एवढंच नाही, स्कर्टच्या शिवणी मारून घेर हेमसुद्धा करून टाकला.

अडचण कुठे दिसली

पहिल्यांदा सगळं अंगावर चढवून आरशात पाहिलं तेव्हा काहीतरी बिनसलंय हे लगेच कळलं, पण काय ते कळेना. अंगरख्याला छातीखाली आडव्या सुरकुत्या पडत होत्या. कंबरेला कापड झोळ खात होतं. स्कर्ट मागे पायांत गळून पडत होता. मागे उशी बांधून पाहिली तर मागचा घेर टाचांच्या वर सरकला आणि पुढचा जमिनीला टेकलेला राहिला. तिला वाटलं, कटिंग चुकलं. म्हणून तिने अंगरख्याचे टक्स दोनदा उसवून पुन्हा घातले. दरवेळी सुरकुती एका जागेवरून दुसरीकडे सरकली, गेली मात्र नाही.

ओळखीतल्या एक काकू आयुष्यभर लोकांचे कपडे शिवत आल्या होत्या. इतिहासातल्या फॅशनशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी अंगरखा हातात घेतला, शिवणी पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, “अगं, माप कशावरून घेतलंस?”

“अंगावरून, काकू.”

“आणि घालणार कशावर?”

सगळी गाठ इथेच होती. 1885 चा अंगरखा उघड्या अंगाच्या मापाने कधीच कापला जात नसे. आधी शेमीज म्हणजे अंगालगतचा सुती झगा, त्यावर कॉर्सेट म्हणजे दोरीने आवळायची, कडक पट्ट्या घातलेली चोळी, त्यावर कॉर्सेट-कव्हर म्हणजे पातळ चोळीवजा अस्तर, कंबरेला बसलचा आणि पेटीकोटचा पट्टा. या सगळ्यावरून टेप फिरली की मग वरचं माप हाती यायचं. हे आतले थर छातीचा उंचवटा हलवतात, पाठ सपाट करतात आणि कंबर जिथे दिसते ती जागाच बदलतात. तिच्या झग्यात आत यातलं काहीच नव्हतं, म्हणून वरचं कापड आधार शोधत लोंबत होतं.

पहिला निर्णय : पुढे रेटायचं की थांबायचं

गटातल्या काहींचं म्हणणं होतं की प्रेक्षक लांब बसतात, उशी बांध आणि काम चालव. ते अगदीच चुकीचं नव्हतं. रंगमंचावर शंभर गोष्टी उशीवर निभावतात. पण तिची भूमिका जवळजवळ पूर्ण वेळ मंचावर होती, एका प्रवेशात वरचा अंगरखा काढून ती कॉर्सेट-कव्हरवर वावरताना दिसणार होती, आणि लोकरीचं महागाचं कापड कापून झालं होतं. अंगरखा अजून कच्च्या टाक्यांवरच होता. तिने तो तसाच घडी घालून ठेवला आणि आतून बाहेर यायचं ठरवलं.

या टप्प्यावर थांबणं मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. आणखी आठवडाभर तिने टक्स दुरुस्त करण्यात घालवला असता तर माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) कापली गेली असती आणि मग सुधारायला कापडच उरलं नसतं. तिने सगळीकडे अडीच सेंटिमीटर माया ठेवली होती, आणि नंतर तीच कामाला आली.

शेमीज आणि ड्रॉअर्स

हे काम सोपं निघालं, त्यामुळे यावर फार रेंगाळत नाही. शेमीज म्हणजे गुडघ्यापर्यंतचा सैल सुती झगा, खोल गळ्याचा, आखूड बाह्यांचा. तो अंगाला लागून असतो, घाम टिपतो आणि धुतला जातो. कॉर्सेट धुवायचा नसतो, म्हणून त्याच्याखाली शेमीज लागतोच. लॉन नावाचं मऊ, पातळ सुती कापड आधी गरम पाण्यातून काढून, इस्त्री करून मगच कापलं. सगळ्या शिवणी फ्रेंच पद्धतीने आत बंद केल्या, कारण कॉर्सेटखाली उघडी कड राहिली की ती दोन तासांत कातडीवर वळ उठवते. गळ्याच्या पट्टीत चुण्या बसवताना तिने दोन समांतर सैल टिपा मारून दोन्ही दोरे एकदम ओढले. एकाच दोऱ्यावर चुण्या ओढल्या की त्या गोळा होतात, दोनवर त्या रांगेत बसतात.

ड्रॉअर्सने तिला जरा बुचकळ्यात टाकलं. त्या काळचे ड्रॉअर्स म्हणजे दोन सुट्या पायघोळ नळ्या, फक्त कंबरपट्टीला जोडलेल्या, मधे शिवण नाही. बंद पद्धतीचेही मिळत, पण उघड्यांचं प्रमाण बरंच होतं, आणि त्यामागे व्यवहार होता. कॉर्सेट, बसल, दोन पेटीकोट आणि स्कर्ट एवढ्या सगळ्याखाली हात घालून कंबरपट्टी खाली सरकवणं शक्य नसतं. तिने उघडेच शिवले आणि खाली आजची चड्डी घातली. हा मधला मार्ग ठीकच होता.

कॉर्सेट : पर्याय आणि निवड

खरा पेच इथे होता. तिच्यासमोर चार वाटा होत्या.

कॉर्सेट न घालता अंगरख्याच्याच शिवणींवर कडक पट्ट्या बसवायच्या, ही पहिली. 1880 च्या दशकातल्या अंगरख्यांना आतून पट्ट्या असतच, त्यामुळे कल्पना बिनबुडाची नव्हती. पण त्या पट्ट्या कापड ताणून धरतात, अंगाला आकार देत नाहीत. सुरकुत्या गेल्या असत्या, आकृती मात्र आजचीच राहिली असती.

दुसरी वाट तयार कॉर्सेट विकत घेण्याची. बाजारात सहज मिळणारे बहुतेक फॅशन कॉर्सेट छातीवर आजच्या ब्रासारखे कापलेले आणि खाली शंकूसारखे निमुळते असतात. 1885 चा कॉर्सेट छातीला पूर्ण, गोलसर आधार देतो, बरगड्यांवर एकदम आवळत नाही, कंबरेत आत जातो आणि नितंबांवर मोकळा पसरतो. चुकीच्या कॉर्सेटवर बरोबर अंगरखा बसत नाही.

तिसरी वाट तिने फारसा विचार न करताच बाजूला ठेवली. वेशसुधारणेची चळवळ करणाऱ्या स्त्रियांनी त्याच काळात कॉर्सेटला पर्याय म्हणून बटणांच्या, दोरी भरलेल्या मऊ चोळ्या पुढे आणल्या होत्या. अमेरिकेत 1870 च्या दशकातच अशी ‘इमॅन्सिपेशन वेस्ट’ आली होती. तिच्या खालच्या कडेला स्कर्ट-पेटीकोट अडकवायला बटणं असायची, म्हणजे वजन कंबरेऐवजी खांद्यांवर जाई. लंडनमध्ये 1881 साली रॅशनल ड्रेस सोसायटी स्थापन झाली. मला विचाराल तर नवशिक्यासाठी ही फार चांगली वाट आहे. दोरी भरायला पट्ट्या कापाव्या-घासाव्या लागत नाहीत, दोरी ओवायची धातूची आयलेट नकोत, पुढे उघडझाप करायचा पोलादी बस्क नको. आणि नाटकातली गृहिणी विचारांनी पुढारलेली असेल तर भूमिकेलाही शोभून दिसतं. पण तिची गृहिणी चारचौघींसारखी होती, आणि दिग्दर्शकाला आवळलेली कंबर हवी होती.

म्हणून चौथी वाट : संग्रहालयातल्या कॉर्सेटच्या धर्तीवर आखलेल्या तयार नमुन्यावरून घरी शिवणं. एका बाजूला सहा, असे एकूण बारा तुकडे. पुढे बस्क, म्हणजे एका पट्टीला खुंट्या आणि दुसरीला कड्या असलेली पोलादी जोडी. 1880 च्या दशकात खाली चमच्यासारखा रुंद होणारा ‘स्पून बस्क’ लोकप्रिय होता. तिने सरळ बस्क घेतला. पोटावरचा गोलवा जरा कमी झाला, पण तो वाकडा बस्क बसवण्याची झटापट वाचली. पहिल्या कॉर्सेटसाठी हा सौदा वाजवी होता.

मापाचा हिशेब असा. तिची कंबर 76 सेंमी. पाच सेंमी आवळायची आणि मागे दोरीच्या जागी पाच सेंमी फट ठेवायची. म्हणजे कॉर्सेटची कंबर 66. ही फट नवख्यांच्या लक्षात येत नाही. संग्रहालयातल्या एखाद्या कॉर्सेटची कंबर 50 सेंमी भरली की ‘त्या काळी बायकांच्या कंबरा 50 च्या होत्या’ असा निष्कर्ष निघतो. पण तो कॉर्सेट पूर्ण मिटवून मोजलेला असतो, घालणारीने मागे किती फट सोडली होती हे कापड सांगत नाही.

कच्चा नमुना

तिला थेट चांगल्या कापडावर हात घालायचा होता, काकूंनी अडवलं. मग मांजरपाटावर कच्चा नमुना शिवला. पट्ट्यांच्या जागी चिकटपट्टीने तात्पुरत्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मागे आयलेटची तयार पट्टी टाचून दोरी ओवली.

पहिल्या खेपेला मागची फट वर चार सेंमी, कंबरेत पाच आणि खाली तब्बल अकरा. उलटा ‘व्ही’. नवखी व्यक्ती अशा वेळी दोरी खालून आणखी आवळते. त्याने नितंबाच्या हाडावर कड रुतते आणि फट तशीच राहते. कारण साधं होतं : खाली कॉर्सेट अपुरा पडत होता. फट वरपासून खालपर्यंत साधारण सारखी यायची तर खाली सहा सेंमी कापड वाढवायला हवं. ते मागच्या मधल्या शिवणीत घालायचं नसतं, तिथे ते नुसतंच पुढे येतं. शरीर जिथे बाहेर येतं तिथे, म्हणजे बाजूच्या शिवणींत ते वाटून घालायचं. प्रत्येक बाजूला तीन शिवणी निवडल्या, एकूण सहा, आणि प्रत्येकीत कंबरेपासून खाली एक-एक सेंमी सोडला. दुसऱ्या नमुन्यात फट जवळजवळ समांतर आली.

मग बसण्याची परीक्षा. उभी असताना सगळं झकास, खुर्चीत बसल्याबरोबर बस्कचं टोक मांडीच्या सांध्यात घुसलं आणि वरची कड छातीखालून वर उसळली. खालून दोन सेंमी कापले. ही परीक्षा मऊ खुर्चीवर घेऊन चालत नाही, कडक आणि सपाट बैठक हवी. नाटकात ती दोन प्रवेश बसूनच बोलते, त्यामुळे हे आत्ताच सापडलं ते बरं झालं.

एक गोष्ट मात्र मांजरपाटाने लपवली. तो सैल विणीचा असतो आणि उरेब दिशेला ताणला जातो. खऱ्या कापडाचा कॉर्सेट नमुन्यापेक्षा जरा घट्ट निघाला, फट पाचऐवजी सहा-साडेसहावर गेली. चालण्याजोगं होतं, पण कच्चा नमुनाही ड्रिल या जाड, घट्ट विणीच्या सुती कापडाचा असता तर हा फरक पडला नसता.

शिवण

कॉर्सेटसाठी खास कुटिल नावाचं घट्ट, माशाच्या काट्यासारख्या विणीचं सुती कापड असतं. तिने त्याऐवजी आत सुती ड्रिल आणि बाहेर सुती सॅटिन असे दोन थर घेतले. ताण घेतो तो आतला थर, आणि तो उभ्या-आडव्या धाग्यात बरोबर कापलेला असेल तर भागतं.

पट्ट्यांसाठी पूर्वी ज्याला ‘व्हेलबोन’ म्हणत ते हाड नव्हे. बलीन जातीच्या देवमाशाच्या वरच्या जबड्यातल्या चाळणीसारख्या पट्ट्या, आपल्या नखाच्याच द्रव्याच्या. आज त्याऐवजी कृत्रिम पट्टी मिळते. ती अंगाच्या उबेने हळूहळू शरीराचा बाक घेते, म्हणून तिने बहुतेक ठिकाणी तीच वापरली. आयलेटच्या दोन्ही बाजूंना आणि बस्कशेजारी मात्र सपाट पोलादी पट्ट्या घातल्या. दोरी ओढली की मागची कड गोळा होऊ नये यासाठी तिथे कडकपणा लागतोच.

गटातल्या एकाने हात शिवणीचा आग्रह धरला, ‘जुनं म्हणजे हातचं’ म्हणून. 1885 साठी हा आग्रह गैरलागू आहे. सिंगरच्या शिवणयंत्राचं पेटंट 1851 चं. बटरिकचे कागदी नमुने 1863 पासून विकले जात होते. 1880 च्या दशकात कॉर्सेट कारखान्यांत यंत्रावर शिवले जात. हाताने शिवलं असतं तर वेळ गेला असताच, शिवाय ते त्या काळाला धरूनही झालं नसतं. हीच मुलगी 1770 चा पोशाख शिवत असती तर माझं मत उलट असतं.

आयलेटच्या वेळी मात्र ती घाई करणार होती. पंचने भोक पाडलं की धागे तुटतात आणि दोरीच्या ओढीने आयलेट कापडासकट उपटून येतं. तिने आरी घेतली. टोक कापडात घालून गोल फिरवत नेलं, धागे न तुटता बाजूला सरकले, मग पेन्सिलच्या जाडीपर्यंत भोक रुंद करून लगेच आयलेट बसवून ठोकलं. दर दोन-सव्वादोन सेंमीवर एक. हे सावकाश करावं लागतं, मनगट भरून येतं, पण नाटकाच्या अखेरीपर्यंत एकही आयलेट हललं नाही.

बसल, पेटीकोट आणि आधीच कापलेला स्कर्ट

कॉर्सेट झाल्यावर बसल सोपा गेला. एका जाड सुती तुकड्यावर आडवे नेफे घातले आणि त्यांत पोलादी पट्ट्या ओवल्या. आतून दोन बाजूंना बंद बांधले की पट्ट्या कमानीसारख्या वाकतात आणि मागे फळी उभी राहते. बंद सैल सोडले की सपाट. 1880 च्या दशकात खाली बसताना घडी होऊन वर उचलली जाणारी ‘लँग्ट्री’ नावाची बसल मिळायची, नटी लिली लँग्ट्रीच्या नावावर खपवलेली. तिची साधी बसल घडी होत नव्हती, म्हणून तिला खुर्चीच्या कडेवर जरा तिरकं बसायची सवय करावी लागली. हातांच्या खुर्चीत तर बसताच येईना. मंचावरची खुर्ची बदलावी लागली, हे दिग्दर्शकाला शेवटच्या आठवड्यात कळलं.

बसलवर मागे झालरींचे थर असलेला पेटीकोट आला. तो नसेल तर पट्ट्यांच्या रेघा स्कर्टमधून दिसतात.

आता आधी शिवून ठेवलेल्या स्कर्टचा प्रश्न. कंबरेपासून जमिनीपर्यंत पुढे 102 सेंमी, मागे बसलवरून 114. बारा सेंमीचा खड्डा. सगळीकडे झालर लावून तो भरत नाही, घेर सगळाच खाली जातो आणि तिरकेपणा तसाच राहतो. नवीन कापड घेणं हा एक पर्याय होता. पण दुसरा त्या काळच्याच शिंप्यांच्या रीतीत सापडला. 1880 च्या दशकातले स्कर्ट बऱ्याचदा स्वस्त सुती पायावर उभे असत. चांगलं कापड फक्त दिसणाऱ्या भागाला लावायचं, वरून पडणाऱ्या घडीच्या ओढणीसारख्या भागाखाली साधं अस्तरच असायचं. तिने मागच्या पाटाला वरून, कंबरपट्टीखाली, बारा सेंमीचा सुती तुकडा जोडला आणि बाजूंकडे तो निमुळता करत नेला. उरलेल्या लोकरीतून मागे चुण्यांची झूल सोडली. जोड तिच्याखाली गेला. हेम उसवायची वेळच आली नाही.

अंगरखा पुन्हा

शेवटी सगळं अंगावर चढवून, बूट घालून, पुन्हा मापं घेतली. कंबर 74 भरली. इतकं आवळूनही बाहेरून जेमतेम दोन सेंमी कमी, कारण शेमीज, कॉर्सेट आणि तीन कंबरपट्ट्यांची जाडी वाढली होती. ती हिरमुसली. पण आरशात कंबर बारीकच दिसत होती. बसलचा फुगारा, छातीचा गोलवा आणि कंबरेचा तीव्र कोन, या तिघांनी मिळून ते काम केलं होतं.

छातीचा उंचवटा मात्र तीन सेंमी वर गेला होता, आणि आडव्या सुरकुत्यांचं कारण तेच होतं. टक्सची टोकं वर सरकवली, कंबरेत चार सेंमी आत घेतलं, मायेमुळे जमलं. न जमलेली गोष्ट एकच : मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलाकार काप. 1880 च्या दशकात मुंढा लहान आणि बगलेला लागून उंच असतो, त्यामुळे हात वर केला तरी अंगरखा वर खेचला जात नाही. तिने तो आजच्या सवयीने खोल कापला होता. कापलेलं परत येत नाही. बगलेत चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा जोडून त्यातल्या त्यात निभावलं. जुन्या कपड्यांत असे जोड भरपूर सापडतात, त्यामुळे त्यात कमीपणा नाही, पण हात खांद्याच्या वर गेला की अंगरखा थोडा उचलला जायचा तो जायचाच.

परिणाम

प्रयोग झाले. तालमीत एकदा पट्टीचं टोक कड फोडून बगलेखाली बाहेर आलं. ते कात्रीने तिरकं कापून तसंच घातलेलं होतं. टोकं गोल करून घासली, पट्टी ती ज्यात ओवतात त्या शिवलेल्या नळीपेक्षा सहा-सात मिलिमीटर आखूड केली, मग पुन्हा तसं झालं नाही. पुढचे सगळे प्रयोग ती पूर्ण पोशाखात बोलली, बसली, एका प्रवेशात गायलीसुद्धा. श्वास पोटातून घेण्याऐवजी बरगड्यांतून घ्यायची सवय तिने तालमीपासून लावून घेतली होती. बूट आणि मोजे कॉर्सेटच्या आधी घालायचे, हे पहिल्याच दिवशी कळलं, नंतर वाकता येत नाही.

तिने हौसेने सगळे आतले कपडे तराजूवर ठेवले. बूट सोडून सव्वादोन किलोच्या आसपास. रॅशनल ड्रेस सोसायटीने घालून दिलेली मर्यादा बूट सोडून सात पौंड, म्हणजे तीन किलोच्या वर, होती. चळवळीतल्या स्त्रिया ज्या वजनाला ‘पुरे’ म्हणत होत्या ते हिच्या पूर्ण सरंजामापेक्षाही जास्त होतं, यावरून नेहमीचा भार काय असेल याची कल्पना येते.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. शेमीज, कॉर्सेटचा कच्चा नमुना, कॉर्सेट, बसल, पेटीकोट, आणि मग वरच्या कापडाला कात्री. हे तिने केलं असतं तर मुंढ्याची जोडाजोड टळली असती. स्कर्टचा सुती जोड मात्र तसाही असायला हरकत नव्हती.

कमरेची पट्टी. कॉर्सेटच्या आत कंबरेच्या रेषेवर अडीच सेंमी रुंदीची घट्ट सुती फीत बस्कपासून मागच्या पट्टीपर्यंत आडवी बसवतात. सगळा आडवा ताण ती घेते. दोन थर आहेत म्हणून तिने ती गाळली. प्रयोग संपेपर्यंत कंबरेजवळच्या शिवणी ताणल्या गेल्या, उजेडासमोर धरलं तर टाक्यांमधून प्रकाश दिसू लागला. नंतर तिने आतल्या बाजूने फीत लावून पट्ट्यांच्या नळ्यांमधल्या जागेत हाताने टाचली. आधी घातली असती तर ती दोन थरांच्या मधे गेली असती आणि शेमीजला घासली नसती.

काढतानाची रीत. पहिल्या दोन-तीन प्रयोगांनंतर ती थकून सरळ बस्कच्या खुंट्या ओढून सोडायची. आधी मागची दोरी पूर्ण सैल करायची असते, नाहीतर खुंट्या वाकतात. एक खुंटी वाकलीच. कंबरेपाशी दोरीचे दोन लांब फास बाहेर ठेवले तर हे एकटीला सहज जमतं, फास सोडायचे आणि दोन्ही हातांनी दोरी खालीवर मोकळी करत जायचं.

आणि पर्यायांची ती तिसरी वाट. पुढच्या नाटकात तिला शिक्षिकेची भूमिका आहे, काळ 1890 च्या दशकाचा. या वेळी तिने दोरी भरलेल्या चोळीचा कच्चा नमुना आधी शिवला आहे, ड्रिलवर. लोकरीचं कापड अजून घेतलेलं नाही.